देणाऱ्याच्या हातून

दार वाजवलं की दोन पावलं मागे सरायचं. आमच्या कामातला हा पहिला धडा. दार उघडणारी बाई उंबऱ्यापाशीच आपल्याला बघून दचकते, आणि तिला दार पुन्हा लावून घ्यायचं असेल तर मध्ये आपण उभे. तिला तेवढी जागा ठेवायची.

डहाणूच्या एका लहानशा प्रसूतिगृहासाठी मी बावीस वर्षं घरोघर मदत मागत फिरले. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं, म्हणजे मुंबई राज्य असतानाची आणि महाराष्ट्र झाल्यानंतरची थोडी, मला जास्त आठवतात. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणत, "आमची सून भीक मागायला जाते." आधी वाईट वाटायचं. पुढे मीच घरून निघताना सांगू लागले, "जाते हो मागायला." त्यांना ते फारसं आवडलं नाही.

प्रसूतिगृह म्हणजे कौलारू घर, सहा खाटा आणि एक डॉक्टरीण. त्यांना सगळे इंदूताई म्हणत. बाळंतिणी यायच्या मुख्यतः तलासरीकडच्या पाड्यांवरून, बैलगाडीत गवतावर झोपवून आणलेल्या. गाडीतच सुटका झालेल्याही असत. इंदूताईंचं म्हणणं होतं की बाईने निदान आठ दिवस राहावं. पण दुसऱ्या दिवशी ती मूल फडक्यात गुंडाळून उठायची. रागावून उपयोग नव्हता. तिच्याबरोबर आलेली सासू किंवा बहीण खायची काय? घरी हात थांबले की तिथलीही चूल थांबायची. तेव्हा इंदूताईंनी ठरवलं की बाळंतिणीला आणि तिच्या सोबतिणीला आठ दिवस दोन वेळचा भात द्यायचा. त्यासाठी तांदूळ, डाळ आणि जुनी मऊ लुगडी गोळा करायला मी आणि पांडूतात्या.

पांडूतात्या निवृत्त पोस्टमन. झाईपासून धाकट्या डहाणूपर्यंत कुठल्या घराला मागचं दार आहे आणि कुठल्या घरात कुत्रं, हे त्यांना पाठ. कामाचा नियमच होता की एकट्याने फिरायचं नाही. कोणी म्हणालं, बाईने झोळीतलं घरी नेलं, तर सांगायला दुसरा माणूस हवा.

नियम पुष्कळ होते. आधी मामलेदार कचेरीत अर्ज करायचा, कुठल्या गावी, कोणत्या दिवसांत, कशासाठी. शिक्क्याचं परवानगीपत्र जवळ ठेवायचं आणि कोणी न मागताही दाखवायचं. छातीवर संस्थेचा पत्र्याचा बिल्ला. शेरभर तांदूळ मिळाला तरी पावती, आणि पावतीची स्थळप्रत आमच्याकडे. हे कचेरीचे झाले. इंदूताईंचे त्याहून कडक. पोराबाळांकडून घ्यायचं नाही, आधी घरच्या मोठ्याला बोलवायचं. दिवे लागायच्या आत परतायचं. घरात आजारी माणूस असेल तर त्याची चौकशी करून निघायचं, झोळी पुढे करायची नाही. शेजारणीने किती दिलं ते सांगायचं नाही. नाही म्हटलेल्या घराचं नाव कुठेही लिहायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं: जे घ्यायचं ते देणाऱ्याच्या हातून, त्याच्याच दारात.

दारोदार फिरलं की माणसं कळतात म्हणतात. मला तरी पहिल्यांदा ती त्यांच्या हट्टांवरून कळली. झाईला चिकूच्या वाडीचे एक इराणी बाबा होते. ते दर वर्षी परवानगीपत्र अथपासून इतिपर्यंत वाचत. शिक्का उन्हात धरून बघत. "गेल्या सालचो शिक्को मोठो हतो," असं आपल्या गुजराती-मराठीत म्हणत आणि मग दोन टोपल्या चिकू देत. तांदूळ कधीच नाही. पावतीवर चिकूंची नेमकी संख्या लागे. मी आणि तात्या त्यांच्या ओट्यावर बसून चिकू मोजत असू.

धाकट्या डहाणूला गंगामावशी होती. वाळवलेली मासळी टोपलीतून विकणारी. तिचा नवरा होडीसकट गेला होता, देह मिळाला नव्हता. ती पायलीभर तांदूळ द्यायची आणि पावती नवऱ्याच्या नावाने मागायची.

"मावशी, देणाऱ्याचंच नाव लिहावं लागतं," मी पहिल्या वर्षी म्हटलं.

"तो देते नी. त्याच्या जाल्याचा पैसा हाय, त्याचाच तांदूल." मग तांदूळ झोळीत ओतत म्हणाली, "त्याच्या नावाचा कागद घरात येत नाय आता. तू तरी आन."

तात्या पोस्टमन होते. त्यांनी तोंड फिरवलं. मी नवऱ्याच्या नावाने पावती फाडली आणि इंदूताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा नियम मोडायलाच होता." त्यामुळे की काय, मला वाटायला लागलं की कुठला नियम कधी मोडायचा ते आपल्याला कळतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

तलासरीच्या बाजूला दिवाळीनंतर गवताचा हंगाम. डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत कापायचं, वखारीत दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. पाड्यापाड्यावरची माणसं या कामावर जात. मजुरी काही रोख, काही आठवड्याला मापून तांदूळ. त्या भागातल्या एका मोठ्या वखारीचा मालक, त्याला मी दामूशेठ म्हणते, एका वर्षी हंगाम संपता संपता स्वतः प्रसूतिगृहात आला. हात जोडून म्हणाला, "बाई, माझ्या मजुरांना धर्म करायची इच्छा झालीय. त्यांच्याच बायकांचा दवाखाना. आठ पोती तांदूळ जमलाय. येऊन घेऊन जा."

आठ पोती! आम्ही वर्षभर वणवण करून तीनच्या वर कधी गेलो नव्हतो. इंदूताई त्या आठवड्यात मुंबईला गेल्या होत्या. मी आणि तात्या गाडी घेऊन वखारीवर गेलो. शेठच्या मुनीमाने पाच पाड्यांतल्या माणसांची यादी तयार ठेवली होती. मी गासडीवर बसून त्या यादीवरून पावत्या फाडल्या आणि गठ्ठा मुनीमाच्या हातात दिला. "वाटतो आम्ही," तो म्हणाला. दुपार उलटली होती, पाडे चार-पाच मैल आत, गाडीवान घाई करत होता. या सगळ्या सबबी खऱ्या होत्या.

पोती चढवून झाल्यावर तात्या माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, यात दारं कुठायत?"

"तात्या, आठ पोती आहेत," मी म्हटलं.

ते गाडीत बसले.

पुढचे दोन-अडीच महिने प्रसूतिगृहात असे गेले की मी तसे आधी पाहिले नव्हते. बाया आठ-आठ दिवस राहू लागल्या. सोबतीच्या म्हाताऱ्या मागच्या अंगणात चूल पेटवून भात रांधत, आपसांत हसत. इंदूताई परतल्यावर त्यांना मी एवढंच सांगितलं की गवताच्या मजुरांनी दिलं. "घरोघर गेला होतात?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं नाही, "नाही"ही म्हटलं नाही. म्हटलं, "सगळ्यांच्या नावाच्या पावत्या आहेत." त्यांना तेव्हा एक अडलेली बाई बघायची होती. त्या आत गेल्या.

फाल्गुनात रखमी आली. वारली पोर, अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. बरोबर सासू जेठी. मुलगी झाली, अगदी हडकुळी. इंदूताई तिला कापसात गुंडाळून दर दोन तासांनी बघत होत्या. तिसऱ्या दिवशी जेठी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्या पाड्याचं नाव विचारलं आणि मला आठवलं, हा तर त्या पाचांतला. मला कोण आनंद झाला. स्थळप्रतींचं बुक आणलं, तिच्या नवऱ्याचं नाव शोधून काढलं आणि म्हटलं, "जेठीबाय, हा तांदूळ तुमचाच आहे. तुम्हीच दिलात दवाखान्याला. हे बघा, नाव आहे."

तिला वाचता येत नव्हतं. तिने कागदाकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"आमी कवा दिला?"

"गवताच्या हंगामात. शेठकडे."

तिचं निवडणं थांबलं. सुपातला हात तसाच. मग म्हणाली, "दर आठवड्याला मापटं कमी यायचा. मुकादम बोलायचा, धर्माचा कापला. आमी बोललो, कुठला धर्म? तो बोलला, शेठचा."

"सगळ्यांचं कापलं?"

"सगल्यांचा. ही पन कापनीवर व्हती," तिने आत रखमीकडे मान केली. "पोटुशी. सांजचं पेज पिऊन निजायची."

माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "जेठीबाय, आम्ही दारात येऊन मागितला असता तर दिला असतात का हो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी वेडगळ विचारलंय, असं.

"मागाय कोन आला व्हता?"

त्या संध्याकाळी मी इंदूताईंना सगळं सांगितलं, गासडीवर बसून फाडलेल्या पावत्यांसकट. माझी अपेक्षा होती त्या ओरडतील. त्या खुर्चीत बसल्या आणि पेला भरून पाणी प्यायल्या. मग मी विचारलं, आत पाळण्यात पोर एवढीशी आहे ती त्यामुळेच का? त्या म्हणाल्या, "कुणालाही सांगता येणार नाही. तुम्हीही स्वतःला सांगत बसू नका. उरलंय किती?"

पाच पोती उरली होती.

"परत करा."

"ताई, परत केलं तर पुढच्या बायांना काय घालणार? याच पाड्यांवरच्या बाया येतात. उपाशी त्याच जाणार."

"मग ते त्यांना विचारा. घरोघर जाऊन विचारा. जे आधी करायला हवं होतं ते."

चौथ्या दिवशी तात्या, मी आणि पाच पोत्यांची गाडी असे निघालो. पहिला पाडा जेठीचाच. तिचा मुलगा लाडक्या घरी होता, रखमीचा नवरा. मी दार वाजवून मागे सरले. बिल्ला लावला होता आणि त्याची लाज वाटत होती. सांगितलं की तुमच्या मापातला तांदूळ आम्ही न विचारता नेला, चूक माझी, तो परत घ्या. लाडक्याने आपल्या बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "आपला हाय तं घे." तात्यांनी मापून दिला. पावतीची स्थळप्रत मी त्यांच्यासमोर रद्द केली.

तोवर बांधावर मुकादम येऊन उभा राहिला होता. छत्री टेकून कोण घेतंय ते बघत राहिला. दुसऱ्या घरातल्या माणसाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाय." तिसऱ्याने तर दारच उघडलं नाही. आत हालचाल ऐकू येत होती. एका म्हातारीने तांदळाला हात लावला, मूठभर उचलला आणि पुन्हा पोत्यात सोडला. "पुढल्या साली कामावर नाय घेनार," ती म्हणाली. त्या पाड्यावर चारच घरांनी घेतला. दुसऱ्या पाड्यावर बातमी आमच्या आधी पोचली होती. तिथे एकानेही नाही, पुढच्या तिन्हींवरही नाही.

दुसऱ्या दिवशी दामूशेठ प्रसूतिगृहात आला. या वेळी हात जोडलेले नव्हते. "धर्माचं घेतलेलं परत करतात होय? माझी फजिती केलीत." इंदूताई म्हणाल्या, "तुमचं काही घेतलंच नव्हतं. तुम्हाला काय परत करायचं?" तो गेला. इंदूताईंनी मामलेदारांकडे लेखी तक्रार केली. तिचं उत्तर मी तरी पाहिलं नाही.

साडेचारच्या वर पोती तशीच राहिली. ती आमची नव्हती आणि ज्यांची होती ते घेऊ शकत नव्हते. कोठीत जाताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळायची. शेवटी इंदूताईंनीच तोड काढली. आलेल्या प्रत्येक बाईकरवी त्यांनी पाचही पाड्यांना निरोप धाडला की तुमचा तांदूळ दवाखान्यात ठेवलाय. आजारी पडलात तर या, तो तुमच्यासाठीच शिजेल. आजारपणाला मुकादम काय म्हणणार?

ज्येष्ठ संपला, आषाढ लागला. पाड्यांवर हे महिने फार वाईट. गेल्या सालचं संपलेलं, नवं अजून चिखलात. आणि आमच्याकडे आजारी माणसं येऊ लागली. पहिली म्हातारी म्हणाली, पोटात दुखतंय. इंदूताईंनी तिला तपासलं, नाडी बघितली, आणि वहीत लिहिलं, पोटदुखी, तीन दिवस निरीक्षण. मग गुडघे धरलेले आले, डोकं जड झालेले आले, एकाचा नुसताच जीव घाबरत होता. प्रसूतिगृहात पुरुष! ते मागच्या पडवीत बसत. इंदूताई प्रत्येकाला गंभीरपणे तपासत, जीभ दाखवायला लावत. बायका लाजत, म्हातारे घसा खाकरत, आणि कोणी कोणाकडे बघत नसे. दोन-तीन दिवस पोटभर जेवून ती माणसं पावसात परत जात. जाताना तात्या प्रत्येकाला विचारत, "आता बरं वाटतंय?" "बरा वाटते," असं उत्तर येई. भात कापणीच्या आधी सगळी पोती झटकून झाली होती. माझ्या उभ्या आयुष्यात यापेक्षा चांगली वाटणी मी पाहिली नाही, आणि तीत माझं काडीचंही श्रेय नव्हतं.

पण त्या चार घरांचं राहिलंच. पुढच्या हंगामात दामूशेठच्या वखारीने त्यांना कामावर घेतलं नाही. आसपासच्या वखारींनीही नाही. मी पाड्यावर गेले तेव्हा जेठीच्या झोपडीच्या दाराला काटक्या बांधलेल्या होत्या. शेजारीण म्हणाली, सगळे वसईकडे मिठागरावर गेले. पोरीला घेऊन? हो, पोरीला घेऊन.

आधी मी तांदूळ नेला तेव्हा चुकले. परत द्यायला गेले तेव्हा बरोबर होते, असं इंदूताई म्हणत, तात्या म्हणत. त्या बरोबर वागण्याची किंमत मात्र मला द्यावी लागली नाही. हे मी कुणाशी बोलले नाही, इथे पहिल्यांदाच लिहितेय.

त्यानंतर आम्ही पाचही पाड्यांवर पायी जाऊ लागलो, घरोघर. मूठ-मूठ मिळे. पुष्कळदा काहीच नाही. काही घरं द्यायला कचरत, मुकादम दिसतो का बघत. आम्ही निघून येत असू.

तीन वर्षांनी जेठीच्या झोपडीवर नवं गवत शाकारलेलं दिसलं. दारात जेठी बसली होती, पाय पसरून. मिठागरात राबलेल्या माणसाचे असतात तसे चिरलेले पाय. रखमी आणि लाडक्या शेतावर गेले होते. मी ओट्याच्या खाली उभी राहिले आणि पोरीचं विचारलं.

"नाय ती," जेठी म्हणाली. "पयल्याच पावसात गेली. तिकडं."

तात्यांनी टोपी काढली. मी "येते, जेठीबाय" म्हटलं आणि पुढच्या घराकडे वळले.

"काय गो," तिने मागून हाक मारली. "शेजारी मागितलास. पलीकडं मागितलास. माझ्या दारात नाय मागत?"

"तुमच्याकडे मागायला मला तोंड नाही, जेठीबाय."

"का? मी काय मेलेय?"

मी परत फिरले. तात्या माझ्यामागे. ती सावकाश भिंतीला धरून उठली, लुगडं सारखं केलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"आता माग."

मी परवानगीपत्र उघडून दाखवलं, संस्थेचं नाव सांगितलं, कशासाठी ते सांगितलं, सगळं रीतसर, जणू मी या दारात कधी आलेच नव्हते. आणि विचारलं, "जेठीबाय, बाळंतिणींच्या भातासाठी काही द्याल का?"

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. तिच्या पाठीमागे आत कोनाड्यात तांदळाचं गाडगं दिसत होतं, तेही मी पाहिलं आणि मी पाहिलेलं तिने पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. "नाय देत."

"बरं," मी म्हटलं. तात्यांनी तिला हात जोडले. आम्ही निघालो. जेठी उंबऱ्यावरच उभी होती, एक हात चौकटीवर ठेवून, ताठ. आम्ही बांध ओलांडून पलीकडच्या आंब्यांत शिरेपर्यंत ती आत गेली नाही.